पडद्यावरून कॉकपिटमध्ये

न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी लिंक कुटुंबाचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. त्या घरातल्या एडविन लिंकला विमान उडवण्याचं वेड लागलं, पण त्या काळी हवेतली शिकवणी फार महाग होती. मग त्याने कारखान्यातलेच भाते, झडपा आणि हवेचे पंप जोडून तळघरात एक ठेंगणं विमान उभं केलं. ते जमिनीवर राहूनच झुकायचं, वळायचं, नाक वर-खाली करायचं. १९२९ मध्ये हे यंत्र तयार झालं आणि पहिली काही वर्षं लोकांनी त्याकडे करमणुकीचा खेळ म्हणूनच पाहिलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागावर टपाल वाहून नेण्याची जबाबदारी येऊन पडली. धुक्यात, वादळात, नुसती उपकरणं पाहून विमान चालवण्याचा सराव नसलेले वैमानिक एकापाठोपाठ एक अपघातांत दगावले, तेव्हा लष्कराने लिंककडून सहा यंत्रं विकत घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो जणांनी याच यंत्रात बसून उड्डाणाचे पहिले धडे घेतले.

सिम्युलेटरचं सगळं मर्म या हकिगतीत आहे. जी चूक आकाशात जिवावर बेतते, ती जमिनीवर हवी तितक्या वेळा करू द्यायची. लिंकच्या यंत्रात खिडकीबाहेर पाहायला मात्र काहीच नव्हतं. ती उणीव पुढे संगणकाने भरून काढली, पण चौकोनी पडद्यापुरतीच. उतरताना मान वळवून धावपट्टी शोधणं, पुढे वाकून पंखाखालची जमीन पाहणं, हात लांबवण्याआधी नजरेने खटक्याचं अंतर मोजणं या गोष्टी पडद्यावर होत नाहीत. त्या डोक्यावर घालायच्या आभासी वास्तवाच्या (व्हीआर) हेडसेटमुळे शक्य होतात. म्हणून या प्रकरणात आपण एक नेमका प्रश्न घेणार आहोत: वर्षानुवर्षं पडद्यासाठी लिहिल्या गेलेल्या मुक्तस्रोत सिम्युलेटरला हेडसेट जोडायचा, तर त्याच्या पोटात काय काय बदलावं लागतं?

सगळ्यांचं विमान

उदाहरण म्हणून फ्लाइटगिअर घेऊ. १९९६ मध्ये डेव्हिड मर यांनी इंटरनेटवर एक प्रस्ताव मांडला. बाजारातल्या सिम्युलेटरमध्ये कंपनी देईल तेवढंच मिळतं, त्यात स्वतःची भर घालता येत नाही, तेव्हा आपणच मिळून एक लिहू, असा त्याचा आशय होता. काम काही काळ रेंगाळलं. १९९७ मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या कर्टिस ओल्सन यांनी ओपनजीएल या त्रिमितीय चित्रणाच्या प्रणालीवर त्याची नव्याने मांडणी केली आणि प्रकल्पाने मूळ धरलं. परवाना जीपीएल. म्हणजे कोड कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. बदललेला कोड इतरांना दिला, तर तोही याच अटींवर द्यावा.

या प्रकल्पातला जवळजवळ प्रत्येक भाग असाच कुणी ना कुणी मोकळेपणाने दिलेला आहे. विमानाच्या गतीचं गणित करणारा जेएसबीसिम हा स्वतंत्र मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे. डोंगरदऱ्यांची उंची फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अवकाशयानाने रडारने मोजली आणि ती माहिती जगाला मोफत मिळाली. फ्लाइटगिअर पृथ्वीचे दहा-दहा अंशांचे चौकोन करतो आणि त्यांच्या आत एकेका अंशाचे. आपली मुंबई ‘ई०७०एन१०’ या फोल्डरमधल्या ‘ई०७२एन१९’ या उपफोल्डरमध्ये असते: ७२ अंश पूर्व, १९ अंश उत्तर. सह्याद्रीचे कडे तिथे रडारच्या याच मापांवरून उभे राहतात. असा सिम्युलेटर संशोधकांनाही हवा असतो. मॅटलॅबसारख्या व्यावसायिक गणिती प्रणालीतही आपलं गणित फ्लाइटगिअरच्या चित्राला जोडण्याची सोय आहे.

पडदा किती गोष्टी झाकतो

हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवावं लागतं. माणसाच्या दोन बुबुळांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं. तेव्हा कॅमेरा तेवढा सरकवून दुसरं चित्र काढलं की झालं, असं प्रथमदर्शनी वाटतं. अडचणी तिथूनच सुरू होतात.

फ्लाइटगिअरमधल्या प्रत्येक विमानाच्या फाइलमध्ये वैमानिकाचा डोळा कुठे आहे हे तीन आकड्यांत लिहिलेलं असतं: मागे-पुढे किती मीटर, डावी-उजवीकडे किती आणि वर किती. पडद्यासाठी विमान तयार करणारा माणूस हा डोळा बऱ्याचदा थोडा मागे घेतो, कारण तसं केलं की सगळी उपकरणं एका नजरेत मावतात. पडद्यावर ही तडजोड कुणाच्या लक्षातही येत नाही. हेडसेट घातल्यावर मात्र आपण आसनाच्या पाठीत रुतून बसलो आहोत हे लगेच जाणवतं. मापाचंही तसंच. कॉकपिट खऱ्यापेक्षा दहा टक्के मोठं काढलं असेल, तर पडद्यावर काहीच बिघडत नाही. पण दोन डोळ्यांमधलं अंतर खरं असल्यामुळे मेंदू बाकी सगळं त्या मापाने मोजतो, आणि वैमानिकाला आपलंच शरीर लहान झाल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण भूमितीची. पडद्यावरचं चित्र मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखं असतं. हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याचं चित्र नाकाच्या बाजूला अरुंद आणि कानाच्या बाजूला रुंद असतं. डावी, उजवी, वरची आणि खालची कड किती अंशांवर आहे, हे चार कोन हेडसेटच सांगतो आणि प्रोग्रॅमला ते निमूट मान्य करावे लागतात. फ्लाइटगिअरमध्ये ‘एक्स’ हे बटण दाबलं की दृश्य जवळ येतं. ही झूमची सोय पडद्यावर सगळे सर्रास वापरतात. हेडसेटमध्ये ती चालत नाही, कारण दृश्याचा कोन बदलला आणि मान मात्र पूर्वीसारखीच वळली, तर जग मानेच्या हालचालीशी फटकून सरकू लागतं. ज्या ज्या ठिकाणी जुन्या कोडने सारख्या बाजू किंवा बदलता कोन गृहीत धरला असेल, ती प्रत्येक ओळ शोधून काढावी लागते.

अकरा मिलिसेकंदांचा हिशेब

पडद्यावर सेकंदाला ३० चित्रं मिळाली तरी बहुतेकांचं समाधान होतं. २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या हेडसेटना सेकंदाला ९० चित्रं लागत. म्हणजे एका चित्राला साधारण ११ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचं काम उरकायला हवं. १२ मिलिसेकंद लागले तर नुकसान एका मिलिसेकंदाचं होत नाही. लोकल सुटली की पुढच्या लोकलपर्यंत फलाटावर थांबावं लागतं, तसं ते चित्र पुढच्या ठोक्यापर्यंत ताटकळतं आणि वेग एकदम ४५ वर येतो.

शिवाय चित्र कोणत्या क्षणासाठी काढायचं हाही प्रश्न आहे. प्रोग्रॅमने डोक्याची स्थिती विचारली, चित्र काढलं आणि ते डोळ्यांपुढे आलं, तोवर मान पुढे सरकलेली असते. म्हणून हेडसेट सांभाळणारी प्रणाली आधी कळवते, की हे चित्र अमुक क्षणी दिसणार आहे. मग त्या येणाऱ्या क्षणी डोकं कुठे असेल याचा अंदाज घेऊन सिम्युलेटर चित्र काढतो. एवढं करूनही उशीर झालाच, तर प्रणाली आधीचंच चित्र मानेच्या नव्या दिशेप्रमाणे किंचित वळवून दाखवते. दूरच्या डोंगरांसाठी हा तोडगा ठीक. हातभर अंतरावरचं कॉकपिट मात्र अशा वेळी थरथरतं.

सिम्युलेटरचं स्वतःचं घड्याळ हे आणखी एक प्रकरण. फ्लाइटगिअरमध्ये उड्डाणाचं गणित साधारणपणे सेकंदाला १२० वेळा होतं. चित्रं ९० असतील, तर दोन चित्रांच्या दरम्यान कधी गणिताची एक पायरी होते, कधी दोन. उतरताना विमानाचा वेग सेकंदाला ६० मीटर असेल, तर एका चित्रात ते अर्धा मीटर पुढे जातं आणि दुसऱ्यात एक मीटर. मधल्या क्षणांची स्थिती काढून ही चाल सलग केली नाही, तर धावपट्टी अडखळत मागे सरकते.

हे सगळं इतक्या काटेकोरपणे करण्याचं कारण शरीरात आहे. डोळे सांगतात की आपण वळतोय, आणि आतल्या कानातला तोल सांभाळणारा अवयव सांगतो की आपण खुर्चीत स्वस्थ बसलोय. ही विसंगती वाढली की डोकं जड होतं, मळमळतं. हा त्रास नवा नाही. हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरमध्ये बसलेल्या वैमानिकांना तो होतो, हे अमेरिकेत १९५० च्या दशकातच नोंदवलं गेलं. विमानाची दिसणारी हालचाल आणि खुर्चीचं स्थिर राहणं यांतला विरोध प्रोग्रॅमर मिटवू शकत नाही. मान हलणं आणि चित्र हलणं यांत अंतर पडू न देणं मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि म्हणून ते त्याचं कर्तव्यही आहे.

पृथ्वी मोठी, आकडा तोकडा

संपूर्ण पृथ्वी दाखवणाऱ्या सिम्युलेटरपुढे आकड्यांची वेगळीच अडचण असते. पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलं, तर जमिनीवरचा कोणताही बिंदू सुमारे ६३ लाख ७० हजार मीटर दूर आहे. ग्राफिक्स कार्ड ज्या ३२ बिटांच्या दशांश आकड्यांत हिशेब करतं, त्यांत एवढ्या मोठ्या संख्येपाशी दोन लगतच्या किमतींमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. म्हणजे कॉकपिटमधला खटका एक तर इथे नाहीतर अर्धा मीटर तिकडे. म्हणून पृथ्वीवरचं स्थान मुख्य प्रोसेसरवर कितीतरी अधिक अचूक, ६४ बिटांच्या आकड्यांत ठेवायचं, डोळ्यांपासूनचं अंतर तिथेच काढायचं आणि ग्राफिक्स कार्डाला फक्त ते छोटे आकडे द्यायचे, ही पद्धत वापरली जाते. पडद्यावर यातली एखादी चूक खपून जाते. दोन डोळे मात्र मिलिमीटरचा फरकही खोलीचा फरक म्हणून वाचतात.

खोलीवरून आणखी एक मुद्दा निघतो. वैमानिकापुढे हातभर अंतरावर सुया असतात आणि खिडकीबाहेर शंभर किलोमीटरवरचा डोंगर. कोणती वस्तू पुढे, कोणती मागे हे ठरवणारा हिशेब या दोन्ही टोकांना एकाच वेळी अचूक राहत नाही. त्यावर एक उपाय म्हणजे जवळचं आणि दूरचं दृश्य वेगवेगळं रंगवायचं. पण मग एका चित्राच्या दोन फेऱ्या, दोन डोळ्यांच्या चार, आणि सावल्यांच्या आणखी वर. इथे शहाणपणा लागतो. सूर्य कुणाच्या डोळ्यावर अवलंबून नसतो, म्हणून सावल्यांचा नकाशा दोन्ही डोळ्यांसाठी एकदाच केला तरी चालतो. डोळ्यागणिक बदलणारं आणि न बदलणारं काम असं वेगळं केलं की कितीतरी वेळ वाचतो.

ढग आणि माऊस

फ्लाइटगिअरमधले त्रिमितीय ढग अनेक सपाट तुकड्यांचे बनलेले असतात. प्रत्येक तुकड्यावर कापसासारखं चित्र असतं आणि तो नेहमी पाहणाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. पडद्यावर ही युक्ती देखणी दिसते. हेडसेटमध्ये मान एका बाजूला कलली की, कॅमेऱ्याच्या ‘वर’ या दिशेला बांधलेले असे तुकडे डोक्याबरोबर कलतात, आणि सगळं आकाश आपल्या मानेला जोडल्यासारखं फिरतं. दोन्ही डोळ्यांकडे त्यांनी वेगवेगळं तोंड केलं, तर खोलीचाही गोंधळ उडतो. म्हणून तुकड्याने दोन डोळ्यांच्या मधल्या बिंदूकडे पाहावं आणि त्याची ‘वर’ ही दिशा पृथ्वीवरून ठरावी, अशी दुरुस्ती लागते. कोडच्या ओळी थोड्याच असतात, पण त्या कुठे बदलायच्या हे हेडसेट घालून मान कलवल्याशिवाय सुचत नाही.

माऊसचा बाणही असाच. पडद्यावर त्याला खोली नसते. हेडसेटमध्ये तो ज्या खटक्यावर ठेवायचा, त्याच अंतरावर दिसायला हवा. नाहीतर खटक्याकडे पाहिलं की बाण दोन दिसतात आणि बाणाकडे पाहिलं की खटके दोन. मेनूच्या खिडक्या नजरेला चिकटवल्या तर त्या सतत डोळ्यांसमोर नाचतात. त्या कॉकपिटमध्ये एखाद्या ठिकाणी फळ्यासारख्या स्थिर ठेवल्या तर वाचता येतात. कीबोर्ड तर दिसतच नाही. त्यामुळे पूर्वी बटणांवर सोपवलेली कामं जॉयस्टिकवर किंवा कॉकपिटमधल्या खटक्यांवर आणावी लागतात.

एकच दार

इथवरचा भाग तंत्राचा झाला. मुक्तस्रोत प्रकल्पांना सगळ्यात जास्त काळ अडवून धरलं ते तंत्राने नव्हे, तर कंपन्यांच्या वेगवेगळ्या, बंदिस्त पद्धतींनी. डोक्यावर घालायचा, मानेबरोबर दृश्य बदलणारा पडदा इव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्येच करून दाखवला होता. त्याची यंत्रणा इतकी बोजड होती की ती छताला टांगावी लागे. सामान्य माणसाच्या आवाक्यातला हेडसेट दिसू लागला तो ऑगस्ट २०१२ मध्ये, ऑक्युलसने लोकवर्गणीतून सुमारे २४ लाख डॉलर उभे केले तेव्हा. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी विकत घेतली. मे २०१५ मध्ये ऑक्युलसने लिनक्स आणि मॅकवरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं.

विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालणाऱ्या स्वयंसेवी प्रकल्पाला याचा मोठा फटका बसतो. प्रत्येक कंपनीच्या हेडसेटशी बोलायची पद्धत वेगळी, ती कंपनीच्या मर्जीने बदलणार, आणि तिच्या सॉफ्टवेअरचा बंदिस्त परवाना जीपीएलच्या अटींशी जुळेलच असं नाही. कुणी सुट्टीच्या दिवशी बसून एका हेडसेटसाठी कोड लिहिला, तरी वर्ष-दोन वर्षांत तो निकामी व्हायचा.

वाट मोकळी केली ती एका सामाईक मानकाने. ओपनजीएल सांभाळणाऱ्या क्रोनोस ग्रुपने जुलै २०१९ मध्ये ओपनएक्सआरची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध केली. डोकं कुठे आहे, पुढचं चित्र कधी दिसणार, दोन्ही डोळ्यांचे कोन कोणते, तयार चित्र कुठे सोपवायचं, या सगळ्या देवघेवीची एकच रीत त्यात ठरली. सिम्युलेटरने ती रीत पाळायची आणि हेडसेट बनवणाऱ्यानेही. मायक्रोसॉफ्ट, व्हॉल्व्ह, एचटीसी आणि मेटा (म्हणजे पूर्वीची फेसबुक) या सगळ्यांनी ती स्वीकारली. लिनक्ससाठी मोनाडो नावाची ओपनएक्सआर प्रणाली तर पूर्णपणे मुक्तस्रोत आहे.

फ्लाइटगिअरचं चित्रण ओपनसीनग्राफ या मुक्तस्रोत ग्रंथालयावर, म्हणजे तयार कोडच्या संग्रहावर चालतं. त्याचा आरंभ १९९८ मध्ये हँग ग्लायडिंगच्या सिम्युलेटरमधून झाला होता, म्हणजे उड्डाण त्याच्या रक्तातच होतं. पण हेडसेट त्याच्या काळातला नव्हता. २०२० नंतर ओएसजीएक्सआर नावाचा एक छोटा दुवा लिहिला गेला. त्याची एक बाजू ओपनसीनग्राफशी बोलते, दुसरी ओपनएक्सआरशी. फ्लाइटगिअरला हेडसेट मिळाला तो या दुव्यामार्फत. इथे घेतलेला एक निर्णय फार महत्त्वाचा आहे. हा दुवा फ्लाइटगिअरच्या पोटात गाडून न टाकता स्वतंत्र ग्रंथालय म्हणून ठेवला गेला. त्यामुळे ओपनसीनग्राफवर चालणारा कोणताही प्रोग्रॅम, मग तो जहाजाचा असो की यंत्रमानवाचा, तो वापरू शकतो. एका प्रकल्पाने सोसलेली मेहनत दहा प्रकल्पांच्या कामी येते ती अशा निर्णयांमुळे.

सगळे प्रश्न सुटले असं मात्र नाही. व्हॉल्व्हच्या स्टीमव्हीआर या हेडसेट-प्रणालीने मॅकचा आधार २०२० मध्ये काढून घेतला आणि मॅकवाल्यांची गैरसोय आजही आहे. ओपनसीनग्राफमध्ये आता मुख्यतः देखभालीचंच काम होतं. जुनी शेकडो विमानं एकेक करून हेडसेटमध्ये तपासायला हवीत. डोळ्याचे ते तीन आकडे प्रत्येक फाइलमध्ये कुणीतरी बसून सुधारायचे आहेत.

हे काम कुणाचं?

२०२१ मध्ये युरोपच्या विमानसुरक्षा संस्थेने व्हीआरवर चालणाऱ्या प्रशिक्षण-यंत्राला पहिल्यांदा मान्यता दिली. ते स्वित्झर्लंडच्या एका कंपनीने हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी बनवलेलं होतं. म्हणजे हेडसेट आता करमणुकीपुरता उरलेला नाही. मग ज्या प्रणालीवर माणसं जीव वाचवायला शिकणार, ती आतून तपासता यावी, दुरुस्त करता यावी आणि कंपनीने पाठ फिरवली तरी चालत राहावी, ही अपेक्षा रास्तच आहे. खुल्या कोडला खुल्या मानकाची जोड मिळाली की ती पुरी होते, हे फ्लाइटगिअरने दाखवून दिलं आहे.

बारामतीत आणि गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर आपली मुलं विमान चालवायला शिकतात. हवेतला प्रत्येक तास त्यांना महागात पडतो. त्याच वेळी महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी हजारो विद्यार्थी शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असतात. त्यांना माझं सांगणं आहे, की फ्लाइटगिअरचा कोड उतरवून घ्या आणि आपल्या जवळच्या विमानतळावरून उड्डाण करून पाहा. हेडसेट नसला तरी अडत नाही. मोनाडोमध्ये खोटा हेडसेट उभा करून कोड चालवून पाहण्याची सोय आहे. एखाद्या विमानाचा डोळा चुकीच्या जागी आहे का ते तपासा, तीन आकडे दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती प्रकल्पाकडे पाठवा. सुरुवात करायला एवढं पुरेसं आहे.